एवढुशी गोळी, सव्वीस महिने

नागपूरच्या नंदनवन भागात माझी मेस आहे. मेस म्हणजे फार काही नाही. घराच्या मागच्या पडवीत दोन शेगड्या, एक पोळ्यावाली ताई आणि इंजिनिअरिंगची चाळीस पोरं. काही इथं बसून जेवतात, काहींचे डबे जातात. इतक्या वर्षांत मी मीठ कधी चमच्यानं मोजलं नाही, हात सांगतो तेवढं टाकते. अशा बाईला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी गोळीचा कपचा ब्लेडनं तासून सोनाराच्या काट्यावर तोलावा लागला, त्याची ही हकिकत.

२०१२ च्या जूनमध्ये यजमान गेले. सकाळी बर्डीला जाऊन येतो म्हणून निघाले आणि दुपारी फोन आला. त्यानंतर रोज रात्री दोनला छाती धडधडून जाग यायची. वाटायचं, आता आपला नंबर. ईसीजी दोनदा काढला, दोन्हीत काही निघालं नाही. घराजवळच्या डॉक्टरांनी क्लोनाझेपाम ही मन शांत करून झोप आणणारी गोळी लिहून दिली, अर्ध्या मिलिग्रॅमची, रात्री एक. म्हणाले, "पंधरा दिवस घ्या, मग बघू." ते बघणं राहूनच गेलं.

पहिल्या रात्री अशी झोपले की सकाळी दूधवाला दार वाजवून परत गेला. तीनेक वर्षांनी गोळीचा जोर उतरल्यासारखा वाटला, म्हणून सकाळीही एक सुरू झाली. दिवसाला एक मिलिग्रॅम. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची असते. आमच्याकडे त्याचा अर्थ एवढाच होता की दर काही महिन्यांनी नवी चिठ्ठी आणायची. डॉक्टर मान वर न करता लिहायचे, मी मान वर न करता घ्यायची. दोष एकट्या त्यांचा नाही म्हणत मी. झोप लागत होती, मेस चालत होती, मुलाचं शिक्षण होत होतं. बीपीच्या गोळीबद्दल मी दहा प्रश्न विचारायची, हिच्याबद्दल एकही नाही. एवढुशी गोळी, मसुरीच्या दाण्याहून जरा मोठी. तिला मी औषधात धरलंच नव्हतं.

जानेवारी २०२३ मध्ये रात्री बाथरूममध्ये पडले आणि मनगट मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी चालू औषधं विचारली. क्लोनाझेपाम ऐकून त्यांनी लिहिणं थांबवलं. "किती वर्षं?" म्हटलं, अकरा. त्यांनी सांगितलं की या गोळ्या वर्षानुवर्षं चालल्या, त्यात वय वाढलं, की रात्री उठताना तोल जातो, आठवण पातळ होते. मला एकदम ते वरण आठवलं ज्यात मी दोनदा मीठ घातलं होतं. दूध शेगडीवर ठेवून देवळात गेले होते तेही आठवलं. हे सगळं मी वयाच्या खात्यावर मांडून मोकळी झाले होते.

"हळूहळू बंद करायला पाहिजे," असं ते म्हणाले होते. मी त्यातलं "बंद करायला पाहिजे" तेवढं घरी आणलं.

स्ट्रिप कपाटाच्या वरच्या फळीवर टाकली. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणाला, "मस्त, आई. विलपॉवर पाहिजे फक्त." पहिले दोन दिवस काही म्हणजे काही झालं नाही. मी पोळ्यावाल्या ताईला ऐकवलंसुद्धा, की पाहा, लोक उगाच बाऊ करतात. या गोळीचं अंगातलं प्रमाण निम्मं व्हायलाच तीस-चाळीस तास लागतात, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं. माझं शौर्य शिलकीवर चाललं होतं.

तिसऱ्या रात्री डोळा लागला नाही. चौथ्या दिवशी ट्यूबलाइटचा उजेड टोचायला लागला, कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं व्हायला लागलं. ताई म्हणाली, "काकू, तुमचे हात कावून थरथरून राहिले?" पाचव्या सकाळी कणीक मळता मळता मी खाली बसले ते मला उठता येईना. शेजारच्यांनी ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं आधी सुई लावली आणि मग रागावला. "काकू, फिट आली असती. जीवावर बेतलं असतं. ही गोळी अशी तोडत नसतात."

त्यानंच धंतोलीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. जायला मी आठ दिवस लावले, हेही लिहिते. आमच्या नागपुरात मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की लोकांना पागलखाना चौक आठवतो. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासूनचं. पिढ्यान्‌पिढ्या हजारो लोक तिथं बरे होऊन घरी गेले असतील, पण आम्हाला लहानपणी त्याचा उपयोग फक्त धमकीपुरता. नणंद म्हणाली, "झोपेचीच तं गोळी आहे, घेत राहा ना चुपचाप. कोणाला सांगायची काय गरज?" शेवटी आंबेडकर चौकातून मेट्रोत बसले, सीताबर्डीला उतरले आणि तोंडाला रुमाल बांधून धंतोलीत शिरले. वेटिंगमध्ये माझ्या मेसमधलाच एक पोरगा बसलेला. त्यानं मान खाली घातली, मीही घातली. त्या दिवशीपासून त्याला मी एक पोळी जास्त वाढते.

मॅडमनी पहिल्यांदा जे केलं त्यानं माझा अपमानच झाला. गोळी पुन्हा सुरू केली, पूर्ण एक मिलिग्रॅम, आणि महिनाभर काहीही कमी करायचं नाही म्हणाल्या. मी म्हटलं, मग मी पाच दिवस भोगलं ते कशासाठी? त्या म्हणाल्या, हलत्या जमिनीवर घर उतरवता येत नाही. मग कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदूत शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. मला आधी गाभाच ऐकू आलं. ही गोळी त्या गाबाचं काम वाढवते. वर्षानुवर्षं बाहेरून अशी कुमक आली की मेंदू आपल्या बाजूची माणसं कमी करतो. मी ते माझ्या भाषेत घेतलं: ताईला अकरा वर्षं बसवून पोळ्या बाहेरून मागवल्या आणि एका सकाळी बाहेरचा माणूस आलाच नाही, तर ती त्याच दुपारी चाळीस जणांच्या पोळ्या लाटेल का? तिचा हात परत बसायला वेळ लागणारच. "आणि तुम्हाला व्यसन लागलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही एकही गोळी जास्तीची घेतलेली नाही. शरीराला सवय झाली आहे. दोन्ही वेगळं." हे वाक्य मी मुलाला फोनवर तीनदा सांगितलं. तो विलपॉवर हा शब्द पुन्हा कधी बोलला नाही.

पुढचे आकडे माझे आहेत, कुणी उचलू नयेत. ज्याला फिटचा आजार आहे, जो दारू घेतो, ज्याच्या आणखी चार गोळ्या चालू आहेत, त्याचा हिशोब पार निराळा आणि तो त्याच्या डॉक्टरनंच मांडायचा. माझ्या मनगटाला आधी लिहिलेली दुखण्याची जोरकस गोळीसुद्धा मॅडमनी हाडाच्या डॉक्टरांशी बोलून बदलायला लावली. ट्रॅमाडॉल होती ती. क्लोनाझेपामसोबत ती श्वास मंदावू शकते आणि वर फिटचा धोकाही वाढवते.

२० मार्च २०२३, सोमवार. पहिली कपात. क्लोनाझेपामची पाव मिलिग्रॅमची गोळी मिळते. ती कटरनं अर्धी केली की ०.१२५. दर चार आठवड्यांनी एवढं कमी करायचं, आधी सकाळच्या वाट्यातून. एकाचे ०.८७५, एप्रिलमध्ये ०.७५. वही घातली होती, मॅडमच्या सांगण्यावरून. तारीख, किती घेतली, झोप किती तास, दिवस कसा गेला, शून्य ते दहा. कपात सोमवारी केली की माझा शुक्रवार बिघडायचा. पोटात खड्डा, उगाच चिडचिड, झोप तुकड्यातुकड्यांची. पुढचा आठवडा तसाच, मग निवळायचं. चहा सहा कपांवरून दोनवर आणला. गोळी सोडण्याहून तेच कठीण गेलं असं त्या वेळी वाटलं होतं.

मे महिन्यात काहीच केलं नाही. नागपूरच्या उन्हात घाम गोळीमुळे की सूर्यामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पोरं गावी, मेस बंद, मी कूलरसमोर. जूनमध्ये ०.६२५, जुलैत ०.५. आता फक्त रात्रीची एक गोळी उरली. अर्धा डोंगर उतरला म्हणून मी पोरांना पाटवडी रस्सा केला. कशाचा आनंद ते त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही, रस्सा वाढा म्हणाले.

१४ ऑगस्टला ०.३७५. शुक्रवार आला आणि जायचं नाव घेईना.

त्या पंधरवड्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण मला तेव्हा असं लिहिलेलं वाचायला हवं होतं. कुकरची शिट्टी झाली की अंगातून वीज गेल्यासारखं व्हायचं. माझ्या पडवीत रोज वीसेक शिट्ट्या होतात. स्टीलची ताटं एकमेकांवर ठेवली की मी कान दाबून बाहेर जायची. तोंडात सतत तांब्याच्या पैशाची चव. कानात बारीक सूंऽऽ, रात्रंदिवस. जमिनीवर पाय ठेवला की फरशी कापसाची. पोटरीतली एखादी शीर आपली आपण उडायची, मी बसून तिच्याकडे बघायची. आणि भीती. कशाची म्हणून नाही, नुसती भीती, रिकाम्या घरात पंखा फिरत राहावा तशी. वाटलं, २०१२ परत आलं. वाटलं, आपण मुळातच अशा होतो, गोळीनं फक्त झाकलं होतं, आणि आता झाकण निघालं.

एका रात्री अडीच वाजता १४४१६ फिरवला. टेलि-मानस म्हणतात त्याला, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेला, फुकट. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. तिनं मला काही शिकवलं नाही. गोळी आज घेतली का, किती घेतली, घरी कोण आहे, जीव द्यावासा वाटतो का, असं नीट एकेक विचारलं, आणि सकाळी डॉक्टरांना दाखवाच म्हणाली. फोन ठेवताना तिचा आवाज जांभई दाबल्यासारखा आला. मला त्याचंच बरं वाटलं. कुणीतरी साधं माणूस साध्या झोपेला आलेलं होतं.

मॅडमनी माझं रडगाणं निम्मं ऐकलं आणि वही मागितली. मार्चपासूनची पानं उलटली, पेन्सिलनं शुक्रवारांवर गोल केले. सगळे गोल कपातीनंतरच्या चौथ्या दिवशी. सगळ्यांची उतरण तिसऱ्या आठवड्यात. या वेळचा गोल मोठा होता, पण जागा तीच. मग पेन्सिल ठेवून म्हणाल्या, "काकू, जुना आजार परत आला असता, तर त्याला तुमच्या तारखा कशा ठाऊक?"

मी त्या खुर्चीत हसले. खूप दिवसांनी.

तेव्हा मला फरकही दिसला. २०१२ ची भीती विचारातून यायची. मुलाला यायला उशीर झाला, छातीत कळ आली, मग धडधड. ही उलटी होती. आधी अंग घाबरायचं, मग मन बिचारं कारण शोधत फिरायचं, आणि मन कामसू, काही ना काही आणतंच. तांब्याची चव, कापसाची फरशी, आवाज टोचणं यातलं काहीच मला २०१२ मध्ये नव्हतं. ते सगळं गोळीच्या जाण्याचं होतं. जाणारा पाहुणा भांडी आपटत जात होता.

मग चुकलं कुठं? तेही वहीतच होतं. एक मिलिग्रॅम म्हणजे माझी चाळीस पोरं धरा. त्यातून पाच गेली तर मेसला कळतही नाही. पण वीसच उरली असताना पाच गेली म्हणजे चौथाई धंदा बसला. मी कपात तीच ठेवली होती, ०.१२५, पण खाली येता येता तिचा वाटा वाढत गेला होता. मॅडमनी चूक स्वतःकडे घेतली. जुलैतच पायरी लहान करायला हवी होती म्हणाल्या. डॉक्टरच्या तोंडून असं मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास त्यानंच बसला. आता नियम असा: आहे त्याच्या पाच ते दहा टक्के, दोन ते चार आठवड्यांनी, त्याहून घाई नाही. ऑगस्टच्या शेवटी पुन्हा ०.५ वर नेलं आणि दिवाळीपर्यंत हलायचंच नाही असं ठरलं.

पण ०.५ ची आठ टक्के कमी केलेली गोळी कोण विकतो? कुणीच नाही. पाव मिलिग्रॅमच्या खाली सगळा कटरचा कारभार, आणि कटरला टक्के कळत नाहीत.

उत्तर मारबतीच्या दिवशी सापडलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. माझी भाची तिथंच दिलेली. भाचेजावयांचं सराफाचं दुकान आहे, वर घर. दर वर्षी मी त्यांच्या गॅलरीतून बघते. त्या वर्षी कानात कापूस घालून गेले. ढोल जवळ आले, खाली हजारो गळे "इडा पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" ओरडायला लागले, आणि मी मनोमन माझीही रोगराई नावानिशी तिच्या हवाली केली. पण ढोलाचा दुसरा ठोका सहन होईना. जिना उतरून बंद दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. समोर काचेच्या पेटीत काटा. भाचेजावई पाणी घेऊन आले. मी विचारलं, हा किती बारीक तोलतो? "मिलिग्रॅमपर्यंत. डोक्याचा केस ठेवा, तो पण तोलते, मामीजी."

मॅडमना विचारलं. त्या आधी नको म्हणाल्या, मग विचार करून हो म्हणाल्या, दर महिन्याला वही आणि हिशोब दाखवायच्या अटीवर. भाचेजावयांनी एक जुना लहान काटा दिला.

मारबतीनंतर आठवड्याभरानं, काटा हाती येण्याआधी, २३ सप्टेंबरची ती रात्र झाली. नागपूरकरांना तारीख सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली. मी तर जागीच होते, त्या काळात दोन ते चार जागायचा माझा नेमच होता. साडेतीनला धाकट्या बहिणीचा शंकरनगरहून फोन आला, घरात गुडघाभर पाणी, लाइट नाही, सासूबाई पलंगावर. आमच्या नंदनवनातही नाग नदीकाठचे लोक सामान वर चढवत होते. मी उठले, इन्व्हर्टरच्या उजेडात मोठ्या गंजात खिचडी टाकली, पोरांना फोन करून उठवलं, आणि उजाडता उजाडता त्यांच्या हाती डबे देऊन जिथं जाता येईल तिथं पाठवले. दुपारी बहीण सासूला घेऊन आली. संध्याकाळी ताई म्हणाली, "काकू, आज तुम्हाला कुकरचा आवाज नाही लागला?" सकाळपासून चार कुकर लागले होते. मला एकही शिट्टी आठवेना.

ही गोष्ट मी वहीत लिहिली, शेरा मात्र काय द्यावा सुचलं नाही. झोपेचे तास शून्य आणि दिवसाला आठ गुण.

दिवाळी झाली आणि २० नोव्हेंबरला काट्यावरचं पहिलं तोलणं. माझ्या कंपनीची पाव मिलिग्रॅमची अख्खी गोळी ११० मिलिग्रॅम भरायची. त्यात औषध पाव मिलिग्रॅम, बाकी सगळा भराव. मला घ्यायचे होते ०.४६. म्हणजे एक अख्खी गोळी आणि दुसरीतले ०.२१. त्रैराशिक मांडलं, ९२ मिलिग्रॅम आले. म्हणजे दुसऱ्या गोळीतून अठरा मिलिग्रॅम तासायचे. नव्या ब्लेडनं कडेकडेनं खरवडायचं, तोलायचं, पुन्हा खरवडायचं. जास्त गेलं तर भुगा पुडीत ठेवायचा नाही, टाकून द्यायचा, नाहीतर कधीतरी डोकं फिरून तो चाटला जातो. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते, तेव्हा सात दिवसांच्या सात पुड्या बांधायच्या. औषध गोळीत कणाकणात सारखं मिसळलेलं असेलच असं नाही, मॅडमनी ते सांगितलं होतं, पण या गोळीचा अंगातला मुक्काम लांब असल्यामुळे एखाद्या दिवशीचा उणाअधिक भरून निघतो.

यात माझ्या दोन फजित्या झाल्या. एकदा मेडिकलवाल्यानं तोंडात विरघळणारी गोळी दिली. ब्लेड लावलं की तिचं पीठ व्हायचं. दुसऱ्यांदा कंपनी बदलली. तीच पाव मिलिग्रॅम, पण गोळी १४० भरायला लागली. मी जुन्याच आकड्यानं तोलत गेले आणि आठवडाभर मला वाटलं आपण पुन्हा कोसळतोय. वास्तविक मी ठरल्याहून कमी घेत होते. तेव्हापासून एकाच कंपनीच्या स्ट्रिपा, आणि नवी स्ट्रिप उघडली की आधी अख्खी गोळी तोलायची.

उन्हाळ्यात वेगळाच पेच. कूलर चालू असला की काटा स्थिर राहत नाही, आकडे नाचतात. पंखाही चालत नाही. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात मी दर रविवारी दारंखिडक्या लावून, कूलर-पंखा बंद करून, चाळीसच्या पुढच्या नागपुरात सात पुड्या तोलत बसायची. घामाचा थेंब काट्यावर पडू नये म्हणून कपाळाला टॉवेल. ताई दारातून बघून म्हणायची, "अव माय, एवढुशा गोळीचं एवढं?"

तीन आठवड्यांना एक कपात. मधला दीड वर्षाचा काळ सांगण्यासारखा नाही, कारण त्यात काही झालं नाही, आणि तेच हवं होतं. शुक्रवार यायचे, पण पाहुण्यासारखे. झोपेसाठी मॅडमनी दिलेला एकच नियम कामी आला: झोप आली काय, न आली काय, उठायचं साडेपाचलाच, आणि वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर अंथरुणात लोळायचं नाही. मी उठून मटकी निवडायची. त्या वर्षी माझ्या मेसमध्ये उसळींचं प्रमाण का वाढलं, हे पोरांना कधी कळलं नाही. सकाळी सक्करदरा तलावाकडे चालून यायची. श्वासाचे व्यायामही केले, पण खरं सांगायचं तर श्वासाकडे लक्ष गेलं की मला जास्तच धाप लागायची, म्हणून ते सोडले. सगळ्यांना सगळं लागू पडत नाही.

पावसाळ्यात, ०.२५ च्या आसपास, आणखी एक झालं. फोडणीत हिंग पडला आणि मला यजमानांचा आवाज आला. म्हणजे भास नाही, आठवण, पण इतकी कोरी की मी झारा तसाच धरून उभी राहिले. त्यांना हिंग जास्त झाला की ते जिन्यातूनच ओळखायचे. मी रडले, चांगली तासभर, फोडणी जळाली. २०१२ मध्ये मी असं रडलेच नव्हते. तेव्हा पंधरा दिवसांची गोळी सुरू झाली होती. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, हे वहीत गुण देऊन लिहू नका.

शेवटची पायरी म्हणजे ०.०६. पाव मिलिग्रॅमच्या गोळीचाही पाव भाग, सव्वीस मिलिग्रॅमचा कपचा, जिभेवर ठेवला तर कळणारही नाही. तोच सोडायला मी सर्वांत जास्त घाबरले. तीन आठवड्यांचे पाच केले. मॅडम म्हणाल्या, आता यात औषध कमी आणि तुमची हिंमत जास्त आहे, केव्हाही ठेवा खाली. २०२५ च्या मे अखेरीला, नवतपा लागला त्या रविवारी, मी पुड्या बांधायला बसलेच नाही. कूलर चालू ठेवला. शुक्रवारी वाट पाहत होते. आला, पण जुन्या ओळखीतला, दोन रात्री घेऊन गेला. कानातली सूं मात्र अजून आहे, बारीक. पाऊस असला की ऐकू येत नाही.

काटा भाचेजावयांना परत केला. त्यांनी पेटीत ठेवण्याआधी कापडानं पुसला, तर सांध्यात पांढरी भुकटी निघाली. "मामीजी, याच्यात किती गोळी असंन?" म्हणत त्यांनी ती कागदावर झटकली आणि सवयीनं तोलली. चार मिलिग्रॅम. आम्ही दोघांनी बेसिनमध्ये सोडून दिली.

काल रात्री दोनला जाग आली. उठून मुगाची डाळ भिजत घातली. आज पोरांना वडाभात आहे.